जमीन नसताना टायनी होम भाड्याने द्यायचं असेल तर: आधी करार, मग घर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका टायनी होमपुरते, म्हणजे ट्रेलरवर बांधलेल्या छोट्या घरापुरते पैसे साठवलेत, जमीन नाही आणि घ्यायचीही नाही. ओळखीच्या एका गृहस्थांची मोकळी जागा पडून आहे. तिथे चाकांवरचं घर उभं करून पाहुण्यांना रात्रीच्या हिशेबाने द्यायचं. जागामालकाला ठरावीक भाडं द्यावं की उत्पन्नात वाटा? घातलेले पैसे किती वर्षांत सुटतील? दुसरं घर कधी घ्यावं? आणि घर बनवणाऱ्याची सूट या महिन्यात संपतेय, तर लगेच आगाऊ रक्कम भरावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: भरू नका. या धंद्यात बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. घर आधी येतं, मग त्याला जागा शोधली जाते, जागा मिळाली की तिथे परवानगी नाही असं कळतं आणि घर कुणाच्या तरी आवारात ताडपत्रीखाली उभं राहतं. घर पैसे देऊन कधीही मिळतं. त्या जागेत ते किती वर्षं, कोणत्या अटींवर आणि कायदेशीरपणे उभं राहू शकेल हा हक्क तुमची खरी मालमत्ता आहे. तुमच्या प्रश्नात घराची लांबी-रुंदी आहे, कराराबद्दल मात्र ‘त्यांची हरकत नाही’ एवढंच आहे. माझं उत्तर बरंचसं त्याच वाक्याबद्दल आहे.

काही गोष्टी तुमच्या भागावर अवलंबून राहतील: बांधकामाचे आणि जमीनवापराचे नियम, अल्पमुदतीच्या भाड्यावरची बंधनं, कर, भाडेकरूंना मिळणारं संरक्षण. ते मी इथून सांगू शकत नाही, पण कोणाला काय विचारायचं ते सांगता येईल. बाकी हिशेब आणि घराचं तंत्र सगळीकडे सारखंच.

आधी आकडे

चलन बाजूला ठेवा. ‘एका रात्रीचं भाडं’ हे माप धरा आणि प्रत्येक खर्च त्याच मापात मांडा. पुढचे आकडे मी नमुन्यादाखल धरलेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

समजा वर्षात 180 रात्री घर भरलं, म्हणजे निम्म्या. जमा 180. बुकिंगच्या संकेतस्थळाचं कमिशन 15 टक्के धरलं तर 27 गेले. पाहुणे सरासरी दोन रात्री राहिले तर 90 वेळा घर रिकामं होऊन पुन्हा तयार करावं लागतं. एका वेळच्या सफाई-धुलाईला रात्रीच्या भाड्याचा पाव भाग लागला तर 22.5. वीज, गॅस, पाणी, साबण-टिश्यू वगैरे मिळून 9. विमा, इंटरनेट, परवाना शुल्क 6. दुरुस्तीसाठी बाजूला 11. जागामालकाचा वाटा एकूण भाड्याच्या 15 टक्के, म्हणजे 27. खर्च 102.5, हाती 77.5. यात तुमची मेहनत, आयकर आणि कर्जाचं व्याज धरलेलं नाही.

आता भांडवल. घराची किंमत म्हणजे भांडवल नव्हे. वाहतूक, जमिनीवरचे ठोकळे, वीज-पाण्याची जोडणी, सांडपाण्याची सोय, फर्निचर, दोन-तीन जोड चादरी-टॉवेल आणि पहिल्या सहा महिन्यांच्या ओढाताणीसाठी शिल्लक, हे सगळं मिळवा. घराच्या किमतीवर आणखी चौथा ते तिसरा हिस्सा सहज चढतो. हे सगळं 400 रात्रींच्या भाड्याइतकं झालं असं धरू. तर 400 भागिले 77.5, म्हणजे पाच वर्षं आणि थोडं.

पण रात्री 180 ऐवजी 110 भरल्या तर? जमा 110, कमिशन 16.5, सफाई 13.75, वीज-पाणी 5.5. विमा-इंटरनेटचे 6 आणि दुरुस्तीचे 11 काही कमी होत नाहीत. वाटा 16.5. हाती राहिले 40.75 आणि पैसे सुटायला जवळजवळ दहा वर्षं. रात्री चाळीस टक्क्यांहून थोड्या कमी घटल्या, पण हातातली रक्कम निम्म्याच्या आसपास आली.

ठरावीक भाडं की वाटा, याचं उत्तर याच हिशेबात आहे. त्या मंद वर्षातही जागामालकाला ठरलेले 27 द्यावे लागले असते तर तुमच्या हाती 30.25 उरले असते आणि मुदत तेरा वर्षांवर गेली असती. म्हणून पहिली दोन वर्षं, म्हणजे त्या जागेची मागणी स्वतःच्या आकड्यांवरून कळेपर्यंत, वाटाच बरा. जागामालक म्हणेल, ‘तुम्ही बुकिंगच घेतली नाहीत तर मी काय खाऊ?’ त्याचं म्हणणं चुकीचं नाही. तडजोड अशी करा: अपेक्षित वाट्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी किमान रक्कम पक्की आणि ती वाट्यातून वळती. वरच्या उदाहरणात ती 9 होते. वर्षात 60 रात्री भरल्या तरी वाटाच तेवढा होतो, त्यामुळे तुम्हाला ती बोचत नाही आणि त्याला आधार राहतो.

वाटा नेहमी पाहुण्यांकडून आलेल्या एकूण भाड्यावर ठरवा, नफ्यावर कधीच नको. नफ्यात काय धरायचं यावरून भांडणं होतात. नवी गादी खर्च की भांडवल, तुमचा पेट्रोलचा खर्च कोणाचा, असले वाद तिसऱ्या महिन्यात सुरू होतात. सफाईचं शुल्क पाहुण्याकडून वेगळं घेत असाल तर ते वाट्याबाहेर, असंही लिहून ठेवा. महिन्याच्या ठरावीक तारखेला बुकिंगचा उतारा आणि पैसे एकत्र पाठवा. कॅलेंडर त्याला बघता येईल अशी सोय केलीत तर निम्मा संशय उगवतच नाही.

एका गोष्टीची आठवण इथेच करून देतो. जमिनीची किंमत वाढते, चाकांवरच्या घराची उतरते. जमिनीसकट घर घेणाऱ्याला दहा वर्षांनी विकून काही मिळतं, तुम्हाला जुन्या घराची जी पडेल ती किंमत मिळेल. त्यामुळे ‘भाडं आलं नाही तरी मालमत्ता आहेच’ हे समाधान इथे लागू नाही. शिवाय बँका अशा घराला जंगम वस्तू मानतात. कर्ज मिळालं तरी मुदत छोटी आणि व्याज चढं असतं. पाच वर्षांत पैसे सुटणाऱ्या धंद्यावर तीन वर्षांचं कर्ज काढलंत तर हप्ते खिशातून जातील.

करारात काय हवं

वरच्या हिशेबातून कराराची मुदत आपोआप निघते. पैसे सुटायला पाच वर्षं, तर करार निदान सात वर्षांचा किंवा पाच अधिक वाढवून घेण्याचा तुमचा हक्क. अकरा महिन्यांच्या कागदावर पाच वर्षांचं भांडवल टाकू नका.

कागदाचा प्रकारही महत्त्वाचा. नुसत्या वापर-परवानगीत जागेचा ताबा मालकाकडेच राहतो आणि बहुतेक ठिकाणी ती सहज मागे घेता येते. भाडेपट्ट्याने तुम्हाला त्या तुकड्याचा ताबा मिळतो आणि नोंदणी झालेली असेल तर जमीन विकली गेल्यावर नव्या मालकालाही तो बहुतेक ठिकाणी बांधील राहतो. कोणता प्रकार तुमच्या भागात कसा टिकतो हे वकिलाला विचारा. त्याची फी म्हणजे या धंद्यातला सगळ्यात कमी पैशांत होणारा विमा.

दुसरा मुद्दा मालकीचा. जमिनीला कायमची जोडलेली वस्तू जमिनीसोबत जाते, हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यांत आहे. तुम्ही चाकं काढली, खाली पाया बांधला, समोर पक्का व्हरांडा जोडला, तर घर कोणाचं हा प्रश्न विचारायला जागा मिळते. म्हणून करारात स्पष्ट लिहा: घर, ट्रेलर, बोल्टने जोडलेला व्हरांडा, पाण्याच्या टाक्या, सौर पॅनल या सगळ्या भाडेकरूच्या (म्हणजे तुमच्या) जंगम वस्तू आहेत आणि मुदत संपल्यावर तो त्या नेणार. ट्रेलरचा चासी क्रमांक करारात घाला, फोटो जोडा. सेप्टिक टँक आणि जमिनीखालची केबल तुम्हाला उचलून नेता येणार नाही. ती मालकाची होणार हे मान्य करून तिचा खर्च वाट्यातून हप्त्याहप्त्याने वळता करून घ्या.

सही कोणाची? जमिनीवर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची. तुमचे ओळखीचे गृहस्थ जागा सांभाळत असतील, पण नावं तीन भावंडांची असतील तर एकट्याच्या सहीला अर्थ नाही. जमीन गहाण आहे का तेही विचारा. गहाण असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती घ्या. नाहीतर मालकाचे हप्ते थकले की जप्तीची नोटीस तुमच्या पाहुण्यांच्या दारावर लागेल.

बाहेर पडण्याचं कलम लोक शेवटी घाईत लिहितात, ते सर्वात आधी लिहा. मालकाला करार मोडायचा असेल तर किती महिन्यांची सूचना? आधी घेतलेली बुकिंग पार पाडू देणार का? मुदतीआधी त्याने मोडला तर घर हलवायचा आणि नव्या जागी बसवायचा खर्च कोण देणार? मुदत संपल्यावर घर न्यायला 60 ते 90 दिवस आणि त्या काळात रस्ता मोकळा. घर बसवल्यावर समोर कुंपण, शेड किंवा झाडं आली तर चाकं असूनही घर निघत नाही. म्हणून बाहेर काढायचा मार्ग नकाशावर आखून करारालाच जोडा. वाद झाला तरी फाटकाला कुलूप लावता येणार नाही, हे वाक्यही हवं.

जागामालकाच्या काळज्याही तितक्याच खऱ्या आहेत: पाहुण्यांची जास्तीत जास्त संख्या, रात्री आवाज बंद करायची वेळ, आग, पाळीव प्राणी, शेजाऱ्यांच्या तक्रारी कोण ऐकणार, जाताना जमीन पूर्ववत करून देणार का. हे तुम्हीच आधी मांडलंत तर बोलणी लवकर पुढे सरकतात. विम्यात त्याचं नाव सहविमाधारक म्हणून घाला. ट्रेलरचा वाहन विमा रस्त्यावर चालतो. उभ्या घरात पैसे देऊन राहिलेला पाहुणा शिडीवरून पडला तर तो बहुधा लागू होत नाही. घर व सामान, पाहुण्यांबाबतची सार्वजनिक जबाबदारी आणि वाहतुकीतलं नुकसान, ही तीन वेगळी कवचं आहेत. व्यावसायिक वापर होणार आहे हे विमा कंपनीला लेखी कळवा.

परवानगी: तीन प्रश्न वेगवेगळे विचारा

‘इथे टायनी होम चालेल का?’ असं मोघम विचारलंत तर मोघम उत्तर मिळतं. कार्यालयात तीन प्रश्न लेखी द्या आणि उत्तरं लेखी घ्या. या जमिनीवर चाकांवरच्या घरात माणसांनी झोपलेलं चालतं का, की ते फक्त उभं करता येतं? झोपलेलं चालत असेल तर पैसे घेऊन, कमी मुदतीसाठी चालतं का? आणि सांडपाण्याची कोणती व्यवस्था मान्य आहे? गाडी अडते ती बहुतेकदा तिसऱ्यावर.

चाकं लावली की नियम लागत नाहीत, हा गैरसमज सोडून द्या. चाकांमुळे ते वाहन ठरतं, पण आत वस्ती झाली की जमीनवापराचे आणि आरोग्याचे नियम पुन्हा लागू होतात. म्हणजे नियम दोन्ही बाजूंचे, वाहनाचेही आणि घराचेही. ज्या ठिकाणी आधीच मुक्कामाचा परवाना आहे, उदाहरणार्थ कॅम्पिंगची जागा किंवा पाहुण्यांची सोय असलेली शेतं, तिथे वाटा थोडा जास्त द्यावा लागला तरी निम्मं काम झालेलं असतं. पहिल्या घरासाठी मी अशीच जागा सुचवेन, ओळखीच्यांची मोकळी जागा नाही.

जागा पाहताना

पाऊस पडून गेल्यावर जा आणि एकदा रात्रीही जा. पावसानंतर पाणी कुठे तुंबतं ते दिसतं. रात्री कुत्री, जनरेटर, हमरस्ता ऐकू येतो आणि मोबाइलचं नेटवर्क खरं किती ते कळतं. मग रस्ता चालत मोजा. सहा-सात मीटरचं घर आणि ओढणारी गाडी मिळून बारा-तेरा मीटरची लांबी वळवायची असते. फाटक साडेतीन मीटर तरी हवं. फांद्या आणि तारा यांची उंची काठीने मोजा, साडेचार मीटरच्या खाली काही नको. वाटेतल्या मोरीवरून पाच टन जातील का ते विचारा. आणि तो रस्ता जागामालकाचाच आहे, की शेजाऱ्याच्या जमिनीतून जाणारी वहिवाट आहे? वहिवाट असेल तर ती पाहुण्यांच्या गाड्यांनाही लागू आहे का?

मागणी तपासायला पैसे लागत नाहीत. आसपासच्या दहा-बारा मुक्कामांची कॅलेंडरं मंदीच्या हंगामात चार आठवडे रोज बघा आणि आठवड्याच्या मधल्या रात्रींची नोंद ठेवा. शनिवार सगळ्यांचेच भरतात. मंगळवार भरतो की नाही यावर 110 आणि 180 मधला फरक ठरतो.

घर: भाड्याचं घर आणि स्वतःचं घर वेगळं

रस्त्यावरून परवानगीशिवाय नेता येईल अशी रुंदी बहुतेक देशांत अडीच मीटरच्या आसपास आणि उंची चार मीटरच्या आसपास असते. नेमका आकडा तुमच्या वाहतूक नियमांत बघा. सहा मीटर लांबीचं लाकडी सांगाड्याचं घर सामानासकट साडेतीन ते पाच टनांत जातं. बनवणाऱ्याने सांगितलेल्या वजनावर विसंबू नका. ताबा घेताना वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या आणि ती एक्सलच्या व टायरच्या क्षमतेशी ताडून पाहा. ट्रेलर गाडीला जोडतात त्या कडीवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार यायला हवा. कमी आला तर वेग घेतल्यावर मागचा ट्रेलर सापासारखा डोलायला लागतो. स्वयंपाकघर, बाथरूम, बॅटरी सगळं मागच्या टोकाला टाकलेली घरं असंच करतात.

आतल्या मोजमापासाठी परवानगी देणारी कार्यालयं अनेकदा मोठ्या घरांचे नियम पुढे करतात. बोलताना आधार म्हणून अमेरिकेतल्या नमुना निवासी संहितेच्या (घरबांधणीच्या नमुना नियमावलीच्या) 2018 च्या आवृत्तीतलं परिशिष्ट ‘क्यू’ उपयोगी पडतं. त्यात पोटमाळा सोडून 37 चौरस मीटरपर्यंतच्या घराला टायनी होम म्हटलंय, राहत्या भागाची उंची किमान 2.03 मीटर आणि पोटमाळ्याचं क्षेत्र किमान 3.25 चौरस मीटर सांगितलंय. ते पायावरच्या घरांसाठी आहे, पण मोजमापं शहाणपणाची आहेत.

पोटमाळ्याबद्दल माझं मत ठाम आहे: भाड्याच्या घरात मुख्य पलंग खालीच हवा. फोटोत पोटमाळा छान दिसतो, पण मध्यरात्री अनोळखी अंधारात शिडी उतरणारा पाहुणा तुमची जबाबदारी आहे. मुलं झोपायला पोटमाळा ठेवायचा असेल तर शिडीऐवजी कठड्याच्या पायऱ्या, पायांजवळ मंद दिवा आणि बाहेर पडता येईल एवढी खिडकी हवी.

ओलावा हा दुसरा शत्रू. दोन माणसं रात्रभर झोपली तरी श्वास आणि घामातून अर्धा लीटरहून जास्त पाणी हवेत जातं. त्यात आंघोळीची आणि चुलीची वाफ. एवढ्याशा बंद जागेत ते थंड भिंतीवर आणि गादीखाली साचतं. घर दिसायला स्वच्छ असतं आणि गादी उचलली की खालच्या प्लायवर काळ्या ठिपक्यांची बुरशी असते. वास आधी पाहुण्याला येतो, तुम्हाला नंतर. उपाय सोपे आहेत: गादीखाली सलग प्लायऐवजी फटी सोडलेल्या पट्ट्या, बाथरूममध्ये दिवा बंद झाल्यावरही पंधरा-वीस मिनिटं चालणारा एक्झॉस्ट पंखा आणि प्रत्येक सफाईच्या वेळी गादी उभी करायचा नियम.

गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये कधीच नको. बाहेरच्या भिंतीवर लावा. त्यातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचं सूचक यंत्र झोपायच्या जागेजवळ आणि धुराचं यंत्र वेगळं.

घर जमिनीवर बसवताना

टायरवर वजन ठेवून घर वर्षानुवर्षं उभं ठेवलं तर टायर चपटतात आणि प्रत्येक पावलाला घर हलतं. चासीखाली सहा ठिकाणी जॅक किंवा ठोकळे देऊन वजन तिथे घ्या. गणित असं: साडेचार टनांचे सहा भाग म्हणजे प्रत्येकी 750 किलो. 40 बाय 40 सेंटीमीटरच्या काँक्रीटच्या लादीवर ते चौरस मीटरला साधारण 4.7 टन पडतं, बऱ्याच जमिनी तेवढं सोसतात. तेच 20 बाय 20 च्या लाकडी ठोकळ्यावर ठेवलंत तर चौपट, जवळपास 19 टन. पहिल्याच मोठ्या पावसात तो ठोकळा खचतो. आधी बाथरूमचं दार अडकायला लागतं, मग शॉवरचं पाणी उलट्या कोपऱ्यात जातं. लादीखाली दाबलेली खडी घाला आणि पहिल्या पावसाळ्यानंतर लेव्हल पुन्हा तपासा.

घर जड आहे म्हणून लोक वाऱ्याचा विचारच करत नाहीत. सहा मीटर लांब घराची बाजू सुमारे 21 चौरस मीटर. ताशी 144 किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर अडीच टनांच्या आसपास आडवा जोर येतो आणि साडेचार टनांचं अरुंद घर उलटायच्या सीमेवर पोहोचतं. चार कोपऱ्यांना जमिनीत पिळून बसवायचे अँकर आणि पट्टे हवेतच. मऊ मातीत लांब अँकर लागतो, खडकात भोक पाडून बसवावा लागतो.

विजेसाठी जागामालकाच्या मीटरमधून सबमीटर घेणं सोपं. अंतर मात्र बघा. 60 मीटरवर 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून 15 अँपिअर नेले तर 230 पैकी साडेबारा व्होल्ट वाटेतच जातात. गीझर आणि एसी एकत्र चालले की दिवे मंदावतात. 6 चौरस मिलिमीटरची तार घातली तर घट सव्वापाच व्होल्टवर येते. घराला स्वतंत्र अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा गळतीरक्षक ब्रेकर (वीज गळली की पुरवठा तोडणारा) हवाच. फक्त सौरऊर्जेवर जायचं असेल तर फ्रिज, दिवे, पंखा, पंप, चार्जिंग दिवसाला दीड-दोन युनिटांत बसतं. रात्रभर एसी लावला की एकट्याचेच सहा-सात युनिट होतात. पाहुणा बॅटरीकडे बघून एसी बंद करेल या आशेवर घर बांधू नका.

पाणी: काटकसरीचा शॉवर मिनिटाला सहा-सात लीटर देतो, सहा मिनिटांची आंघोळ म्हणजे चाळीस लीटर. दोघांना मिळून दिवसाला दीडशे धरा. हजार लीटरची टाकी जेमतेम सहा-सात दिवस चालते. टाकी घराबाहेर, जमिनीवर ठेवा, कारण भरलेली टाकी म्हणजे एक टन. जितकं पाणी आत येतं तितकंच सांडपाणी बाहेर जातं, हे पाइप टाकण्याआधी लक्षात घ्या. जागेवर आधीचा सेप्टिक टँक असेल आणि तो जास्तीचा भार घेणार असेल तर कमी पाण्याचा फ्लश जोडा. नसेल तर मूत्र वेगळं करणारं कोरडं शौचालय. त्यात माणशी दिवसाला दीड लीटरच्या आसपास मूत्र येतं. दोघं असतील तर दहा लीटरचा कॅन तीन दिवसांत भरतो. म्हणजे चार रात्रींची बुकिंग घ्यायची तर मधे कोणीतरी जायलाच हवं. हा फेरा सफाईच्या खर्चात धरा.

पाहुणे की भाडेकरू

तुम्ही फक्त रात्रींचा विचार केलाय. दीर्घ मुदतीचा भाडेकरू एकदा कागदावर मांडून बघा. महिन्याचं भाडं नऊ रात्रींएवढं मिळालं आणि वर्षात अकरा महिने भरले तर जमा 99. विमा 6, दुरुस्ती 8, जागेचा वाटा 15. हाती 70, सफाईचे नव्वद फेरे नाहीत आणि वीज त्याची तो भरतो. पाहुण्यांच्या 77.5 च्या शेजारी हा आकडा ठेवा आणि आपला वेळ किती आहे ते ठरवा. आसपास रुग्णालय, महाविद्यालय किंवा मोठा प्रकल्प असेल तर हाच मार्ग बरा. धोका एकच: भाडेकरूला कायद्याने मिळणारं संरक्षण तुमच्या जमिनीच्या करारापेक्षा लांब चालू शकतं. तुमचा पट्टा संपला, घर हलवायचंय आणि आत माणूस आहे, अशी अडचण येते. भाडेकरूची मुदत जमिनीच्या मुदतीच्या निदान तीन महिने आधी संपेल अशी ठेवा.

पाहुण्यांचाच मार्ग घेतलात तर किमान दोन रात्रींची अट ठेवा. 180 रात्री एकेक करून भरल्या तर सफाई 22.5 ची 45 होते.

आणि एक पर्याय, जो तुम्ही विचारला नाहीत. त्या गृहस्थांना जागेवर पैसे मिळवायचेत आणि घर घ्यायची ऐपत असेल, तर घर त्यांनी घ्यावं आणि चालवायचं काम तुम्ही. जाहिरात, बुकिंग, सफाई, दुरुस्ती बघण्याचे एकूण भाड्याच्या 15 ते 25 टक्के मागता येतात. 180 च्या 20 टक्के म्हणजे 36, भांडवल जवळपास शून्य. 77.5 च्या निम्मंही नाही, पण घर उलटलं, करार मोडला, नियम बदलला तर बुडणारे पैसे तुमचे नाहीत. एक वर्ष असं केलंत तर वरच्या सगळ्या आकड्यांच्या जागी स्वतःचे आकडे येतील.

दुसरं घर कधी, हेही तुम्ही विचारलंय. पहिल्या घराचा एक पूर्ण मंदीचा हंगाम पार पडल्याशिवाय नको. त्याच जागेत ठेवलंत तर सफाईचा फेरा, टाकी, केबल सगळं वाटून जातं आणि दुसऱ्याचा खर्च चांगलाच उतरतो. पण मग दोन्ही घरं एकाच करारावर उभी राहतात. करारात निदान पाच वर्षं शिल्लक असतील तर तिथेच ठेवा, नसतील तर आधी मुदत वाढवून घ्या किंवा दुसरी जागा बघा.